अंधाऱ्या खोलीतला हिरवा पाहुणा

आमच्या खोलीत भर दुपारी बाराला काळोख असे. बाहेर जळगावचा मे महिना, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि आम्ही भौतिकशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत खिडक्यांच्या काचांना काळा रंग फासून, दाराला दुहेरी काळे पडदे लावून बसलेले. पिंप्राळ्यात आमच्या शेजारी एक वकील राहत. ते एकदा माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, साहेब करतात तरी काय दिवसभर?" ती म्हणाली, "अंधारात बसतात. सरकार त्याचा पगार देतं." यात चुकीचं काही नव्हतं, म्हणून मीही कधी दुरुस्ती केली नाही.

आता निवृत्त झाल्यावर लोक विचारतात तेव्हा जरा नीट सांगतो. कॅडमियम सल्फाइड नावाचा एक पिवळा पदार्थ असतो, चित्रकारांच्या रंगात घालतात तो. त्याचे कण फार म्हणजे फारच लहान केले, इतके की एका कणात जेमतेम हजारभर अणू उरावेत, तर एक अजब गोष्ट होते. कणाचा आकार बदलला की त्यातून निघणाऱ्या उजेडाचा रंग बदलतो. पदार्थ तोच, नुसतं लहानमोठं व्हायचं. अगदी लहान कण निळसर उजेड देतो, जरा वाढला की हिरवा, आणखी वाढला की पिवळा. आज याला क्वांटम डॉट म्हणतात आणि टीव्हीच्या जाहिरातीत हे नाव येतं. आम्ही सुरुवात केली तेव्हा नाव ठरायचं होतं. आम्ही त्यांना 'बारके' म्हणायचो.

उजेड येतो कसा, तेही ऐका. डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश कणावर पाडला की एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून उठतो. मागे त्याची रिकामी जागा राहते. तो भटकतो, परत येतो, रिकाम्या जागेवर बसतो, आणि बसताना जवळची ऊर्जा उजेड म्हणून टाकून देतो. पापणी लवायच्या आत हे लाखो वेळा होतं. पण बारक्या कणाला आतलं अंग कमी आणि पृष्ठभागच फार. त्या पृष्ठभागावर खाचखळगे असतात, आणि इलेक्ट्रॉन तिथे अडकला की घरी परतायला उशीर करतो. मग उजेड दुसऱ्याच रंगाचा येतो, किंवा येतच नाही. माझी सगळी नोकरी या अडकलेल्यांचा माग काढण्यात गेली.

खोलीचा एक रिवाज होता. पडदा हलला की आत बसलेल्याने "कोण?" विचारायचं आणि येणाऱ्याने स्वतःचं नाव घ्यायचं. नुसतं "मी" चालत नसे. अंधारात दोन माणसं एकमेकांवर आदळली तर काचसामान फुटे, म्हणून हा नियम. पण ज्या दिवशी पडदा हलल्याचा आवाज होई, आपण "कोण?" विचारावं आणि उत्तर येऊ नये, त्या दिवशी नियमाचं दुसरं कारणही समजे. वारा असेल, असं म्हणून आम्ही कामाला लागत असू. त्या खोलीत वारा यायला फट नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

बाहेरचे लोकही येत. कुणी सराफ माणिक घेऊन येई, खरं की खोटं बघा म्हणून. एकदा साक्रीकडचा एक गृहस्थ आला. विहीर खणताना खडकाच्या पोकळीत त्याला पांढरे, स्फटिकासारखे खडे सापडले होते. त्यातला एक त्याने घरी नेऊन चुलीत टाकला, आणि दगड न जळता नारिंगी उजळला.

"सायेब, जयना नही, नुसता उजीड दिन्हा," तो म्हणाला. "परत टाका तं काहीच नही. आते त्यानामा कोनी नही."

मी त्याला समजावलं. असा दगड जमिनीत लाखो वर्षं पडून असतो, त्याच्यात इलेक्ट्रॉन अडकून बसलेले असतात, ऊब मिळाली की सगळे एकदम सुटतात, आणि एकदा सुटले की संपले. भूत वगैरे काही नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली आणि तो उजेड कुणाचा ते विचारलं, "मंग इतला दिवस थांबेल हाऊ उजीड कोना शे?" उरलेले खडे तो माझ्या टेबलावर ठेवून गेला. घरी परत न्यायची त्याची तयारी नव्हती.

आमचं यंत्र प्रमोदने बांधलं होतं. प्रमोद माझा पहिला संशोधक विद्यार्थी, चाळीसगावजवळच्या खेड्यातला, हातात जादू असलेला. विकत घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्याने भंगारातून आणलेल्या पत्र्याची पेटी केली, आत पांढऱ्या चिनी मातीची छोटी फरशी सिमेंटने पक्की केली. काचेच्या पट्टीवर बारक्यांचा थर वाळवायचा, पट्टी त्या फरशीवर ठेवायची, दार लावायचं. दार लागलं की अतिनील दिवा पेटे, दार उघडलं की आपोआप विझे, म्हणजे कुणाचे डोळे जायला नकोत. पट्टीतून निघालेला उजेड यंत्र रंगारंगांत वेगळा करी, आणि बाजूला कागदावर एक पेन रेघ काढत जाई. उजेड असेल तिथे पेन वर चढे आणि डोंगर काढी. नसेल तिथे सरळ जाई. खोलीत फक्त एक मंद लाल दिवा, तेवढ्यावर सगळं काम.

यंत्र पहिल्यांदा चाललं तेव्हा प्रमोदने आईला गावाहून आणून दाखवलं होतं. आम्ही तिला अक्का म्हणू लागलो ते तेव्हापासून. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलणं थोडं आणि नजर करारी. लाल उजेडात तिने ती पेटी निरखून पाहिली आणि लेकाला एकच प्रश्न विचारला, "यानामा तू कोठे ऱ्हास?" प्रमोद हसला. त्याने छोटं दार उघडून फरशी दाखवली, सगळं काम इथेच होतं म्हणाला.

पुढच्या श्रावणात प्रमोदची मोटरसायकल धुळे रस्त्यावर एका वळणाला चिखलात घसरली. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. मी अजूनही त्या वळणावरून जाताना स्कूटर हळू करतो.

वर्षश्राद्ध उरकलं त्या साली खंडेनवमीला अक्का कॉलेजात आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होतेच, विभागातल्या झाडून सगळ्या उपकरणांना झेंडूची माळ लागते. ती म्हणाली, "भाऊ, त्यानं यंतर माले पुजू दे." नाही म्हणायचं कारण नव्हतं. मी आणि आमचे प्रयोगशाळेतले शिपाई नाना, दोघे पडद्याबाहेर थांबलो. थोड्या वेळाने ती आली, पदराने डोळे पुसले आणि एस.टी. पकडायला गेली. पेटीवर माळ होती, वर एक फूल. त्यानंतर दर खंडेनवमीला ती येत राहिली.

आणि त्याच साली तो पहिल्यांदा आला.

दसऱ्यानंतर काम सुरू केलं, तर कागदावर आमच्या ओळखीच्या डोंगरांशेजारी एक नवा डोंगर उभा. हिरव्या रंगाच्या जागी. आमचे बारके आकार बदलला की रंग बदलत, हा मात्र कुठलीही पट्टी ठेवा, एकाच जागी. आणि त्याची तब्येत अशी की आम्ही दिवसभर यंत्र चालवलं तर संध्याकाळपर्यंत तो जरासा खाली बसे. आठवडाभर यंत्र बंद ठेवलं तर होता तेवढाच राही. बघितलं की थकायचा. होळीपर्यंत अर्धा होई, उन्हाळ्यात नाहीसा. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दरसाल रिकाम्या फरशीची मोजणी करून ठेवत असू, म्हणजे फरशीचा स्वतःचा उजेड येत नाही ना याची खात्री. रेघ अगदी स्वच्छ निघे. आणि दसरा झाला की परत तो हजर.

नानांनी त्याचं नाव ठेवलं पाहुणा. नाना वारकरी नव्हते, भगत नव्हते, चांगले मॅट्रिक झालेले, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पोऱ्या गया नही. यंतरमाच शे."

मी त्यांना झापलं. पण त्यांनी ते अक्काच्या कानावर घातलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. अक्काची मुलगी जळगावातच दिलेली होती. भाऊबीज, तुळशीचं लग्न आटोपून अक्का तिच्याकडे येई आणि जाता जाता विभागात डोकावे. दारातच उभी राहून विचारी, "ऊना का, भाऊ?"

"आला अक्का," मी म्हणे. यात खोटं काय होतं? येत होताच.

तिचा चेहरा तेवढ्यापुरता सैल व्हायचा. आत येत नसे, चहा घेत नसे. "बरं," म्हणून वळे.

नसीम माझ्याकडे आली ती नव्वदीच्या सुरुवातीला. तिचे वडील जुन्या जळगावात स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करत. मुलगी सडपातळ, हट्टी, आणि आमच्या विभागात अंधाराला न भिणारी पहिलीच व्यक्ती. पाहुण्याची कहाणी ऐकून बाकीचे विद्यार्थी पडद्याजवळही फिरकत नसत. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, मग याच्यावरच काम करू या ना."

आणि केलंही झकास. तिने पाहुण्याचं थकणं नोंदलं, बारक्यांच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन कसे अडकत असतील आणि उजेड पडत राहिला की ते खाचखळगे कसे भरून जात असतील, याची एक सुरेख मांडणी केली. मी एका परिषदेत त्यावर बोललो तेव्हा मागच्या रांगेतले दोघेतिघे पुढे येऊन बसले. प्रबंधातलं ते मुख्य प्रकरण होतं. धुळ्याच्या एका कॉलेजात तिला जागा मिळायची होती, पण अट एकच, जूनच्या आत प्रबंध सादर झाला पाहिजे. अब्बांनी तोवर कुणाही स्थळाला होकार द्यायचा नाही असं घरात ठणकावून सांगितलं होतं. पोरीचं सगळं त्या एका डोंगरावर उभं होतं.

एवढं असूनही ती खोली तिच्याही अंगावर येऊ लागली होती. एकदा मला म्हणाली, "सर, मी आत असले की पाहुणा मोठा येतो, असं वाटतं." मी म्हटलं, वाटण्याला मोजमाप नसतं. दुसऱ्यांदा ती बाहेर आली ती घाम पुसत. पडदा हलला, तिने "कोण?" विचारलं, उत्तर आलं नाही, आणि त्याच क्षणी पेन वर चढायला लागलं. "मी पुन्हा विचारलंच नाही," ती म्हणाली. "आलं असतं उत्तर तर काय करणार होते?"

आता एकच काम राहिलं होतं. हिरवा उजेड किती वेळ टिकतो हे मोजायचं. ते सेकंदाच्या अब्जांशातलं काम, आमच्या पत्र्याच्या पेटीचं नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत नसीम पट्ट्या कापसात गुंडाळून पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. सोबत धाकटा भाऊ. परत आली ती माझ्या घरी, थेट स्टेशनवरून. दारात उभी राहिली तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"सर, तिकडे तो आलाच नाही."

"म्हणजे?"

"सगळ्या पट्ट्या लावल्या. आपले डोंगर आले, जिथल्या तिथे. हिरवा नाही. तिथले साहेब म्हणाले, तुमचा हा हिरवा फक्त तुमच्याच खोलीत राहतो का?"

माझ्या बायकोने तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. तिने तो उचलला नाही. मला त्या वेळी नानांचं वाक्य आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली, पण मानेवरचे केस उभे राहायचे ते राहिलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे खोलीत शिरलो. नाना पडद्याबाहेर थांबले, आत यायला तयार नव्हते. नसीमने पेटीचं दार उघडलं, लाल उजेडात आत पाहिलं आणि म्हणाली, "सर, आज काहीच ठेवत नाही."

आजवर रिकाम्या फरशीची मोजणी आम्ही फक्त उन्हाळ्यात केली होती. परदेशी दिव्याचं आयुष्य मोजकं, कागद महाग, रोजच्या रोज रिकाम्या जागेचं काय मोजायचं, असा आमचा हिशोब. दसऱ्यानंतर एकदाही केली नव्हती.

तिने दार लावलं. आत दिवा पेटल्याची बारीक घरघर सुरू झाली. पेन सरळ निघालं. निळ्याच्या जागी सरळ. पुढे सरळ. मग हिरवा जवळ आला आणि पेनाने मान उचलली. ते चढत गेलं, चढत गेलं, नेहमीसारखा गोल खांद्यांचा डोंगर काढला आणि सावकाश उतरलं. पेटीत काहीही नव्हतं. पट्टी नाही, बारके नाहीत, काही नाही. रिकाम्या जागेतून उजेड येत होता.

बाहेरून नाना म्हणाले, "सर, काय व्हयनं?" आवाज ओळखीचा असूनही मी दचकलो.

"मला आत बघायचंय," नसीम म्हणाली. "दिवा चालू असताना."

दार उघडलं की दिवा विझवणारं बटण प्रमोदने चौकटीत बसवलं होतं. ते बोटाने दाबून धरलं की यंत्राला वाटे, दार बंदच आहे. प्रमोदने कडक ताकीद दिली होती की असं कुणी करायचं नाही. नसीमने डोळ्यांवर जाड काचेचा चष्मा चढवला, मला दुसरा दिला, बटण दाबून धरलं आणि दार उघडलं.

आतल्या काळोखात फरशीवर एक बोट उजळलं होतं.

बोट म्हणजे बोटाचं टोक. हिरवट पिवळ्या उजेडाचं. त्यावरच्या बारीक वळ्यासुद्धा दिसत होत्या, आणि त्यांना आडवी छेदून जाणारी एक काळी रेघ. कुणीतरी आतून, फरशीच्या पलीकडून बोट टेकवून उभं असावं तसं ते दिसत होतं. नसीमच्या तोंडून "या अल्ला" एवढंच निघालं.

मग तिनेच विचारलं, "सर, शेजारी काय आहे?"

उजळलेल्या बोटाशेजारी दुसरा एक ठसा होता, न उजळणारा, काळपट. तिने बटण सोडलं. दिवा विझला. तिने सरळ जाऊन खोलीचा मोठा पांढरा दिवा लावला, जो आम्ही वर्षातून एकदा, पेटी बंद ठेवून, साफसफाईला लावत असू. आम्ही दोघांनी पेटीत डोकं घातलं.

पांढऱ्या फरशीवर एक पिवळं बोट होतं आणि एक लाल. हळद आणि कुंकू.

लाल दिव्यात पांढऱ्या फरशीवरचं लाल आणि पिवळं दिसत नाही. शाळेतल्या पोराला माहीत असलेली गोष्ट. आणि हळद अतिनील प्रकाशात हिरवट पिवळी उजळते, हेही पुस्तकात आहे. ती उजेडाने उडते, म्हणून आमचा पाहुणा बघितलं की थकत होता. नसीम खाली स्टुलावर बसली आणि हसायला लागली. ते हसणं मला आवडलं नाही. "हळदीचा डाग उन्हात टाकला की जातो, सर. आमची अम्मी रोज सांगते." मग ती हसायची थांबली. "माझ्या प्रकरणात हळद आहे. दीडशे पानांत हळद."

दर खंडेनवमीला अक्का आत जाई तेव्हा आम्ही पडद्याबाहेर थांबत होतो. तिने वर माळ घातली ती आम्ही पाहिली. छोटं दार उघडून आत बोट टेकवलं, ते कुणी पाहिलं नव्हतं.

पुढे काय करायचं हा प्रश्नच नव्हता. फरशी स्पिरिटने पुसायची, सगळ्या पट्ट्या नव्याने मोजायच्या, मुख्य प्रकरण फेकून द्यायचं आणि उरलेल्यावर जूनपर्यंत प्रबंध उभा करायचा. एकेक दिवस मोलाचा. मी स्पिरिटची बाटली काढली.

"नको सर," नसीम म्हणाली. "तुळशीचं लग्न झालं. चार-सहा दिवसांत अक्का येतील. ऊना का, विचारतील. काय सांगणार आहात?"

मी म्हटलं, "नाही आला म्हणून सांगू. यंत्र बिघडलंय म्हणू."

"मी माझ्या प्रबंधातून खोटं काढतेय, आणि त्यांना नवीन खोटं सांगायचं? त्यांना दाखवू या. पुसून टाकलं तर काय दाखवणार?"

मी तिला समजावलं की म्हाताऱ्या माणसाचा आधार काढून घेऊ नये. तिने ऐकलं नाही. पाहुणा थकू नये म्हणून तिने यंत्र बंद ठेवलं आणि त्या दिवसांत बाहेरच्या खोलीत बसून जुनं प्रकरण फाडत, नवं लिहीत राहिली. नाना तिच्यासाठी दर तासाला चहा आणत होते आणि तिची नजर टाळत होते. अक्काच्या कानावर आपणच घातलं, हे त्यांनी मला त्याच आठवड्यात सांगितलं.

अक्का आली. दारात उभी राहून विचारलं, "ऊना का, भाऊ?"

नसीम उठली, तिच्याजवळ गेली. "अक्का, आत या. दाखवते."

अक्का क्षणभर घाबरली असावी. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. पडद्यापाशी आल्यावर नसीमने सवयीने आपलं नाव घेतलं. अक्काने तिचं ऐकून अंधारात हळूच म्हटलं, "मी शे, प्रमोदनी माय."

नसीमने तिच्या डोळ्यांवर चष्मा बसवला, बटण दाबलं, दार उघडलं. ते बोट पुन्हा उजळलं, पूर्वीपेक्षा जरा फिकं. अक्काने श्वास घेतलेला मला ऐकू आला. पेटीच्या उजेडाचा हिरवा अंश तिच्या गालावर पडला होता.

नसीम सावकाश सांगत गेली. हा उजेड कशाचा, तो दसऱ्यानंतरच का येतो, उन्हाळ्यात का जातो. मराठी तिची शुद्ध, पुस्तकी. बराच वेळ तिने त्या उजळत्या बोटाकडे पाहिलं. मग स्वतःचं बोट वर करून त्याच्याशेजारी धरलं. विळीने कापल्याचा जुना आडवा व्रण तिच्या बोटावर होता.

"हाई तं मन्हं बोट शे," ती म्हणाली.

"हो, अक्का."

"त्यानी सांगेल व्हतं ना, माय, बठ्ठं काम अठेच व्हस. म्हनीसन मी दरसाल जुनं पुशीसन अठेच बोट टेकस." ती थांबली. "मंग तो कधी ऊनाच नही?"

नसीमने मोकळा हात तिच्या खांद्यावर ठेवला. तेवढं तिला पुरलं.

"जितकं बघू तितकं हे विरतं, अक्का," मी उगाच म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

"मंग बंद कर पोरी, सरी जाई," ती घाईने म्हणाली. नसीमने लगेच बटण सोडलं. पुरता काळोख झाला. लाल दिवाही त्या दिवशी लावलेला नव्हता. त्या काळोखात आम्ही तिघे उभे होतो, आणि मी आयुष्याची इतकी वर्षं अंधारात काढलेला माणूस, मला तिथून पळून जावंसं वाटलं. माझ्या डाव्या हाताला कोण उभं आहे हे मला कळेना. विचारायचं धाडस झालं नाही.

मग अक्काचा आवाज आला. "पोरी, तुन्हं काम यानामुळे अडेल शे का?"

नसीमला खोटं बोलता येत नसे. "हो," ती म्हणाली.

"किती दिवस व्हयनात?"

"तुम्ही यायची वाट बघत होते."

"दिवा लाव," अक्का म्हणाली.

मी पांढरा दिवा लावला. अक्काने पदराचं टोक हातावर घेतलं, नानांनी पडद्यातून आत सरकवलेल्या भांड्यातल्या पाण्यात बुडवलं आणि पेटीत हात घालून फरशी पुसली. लेकराचं तोंड पुसावं तशी, कोपऱ्याकोपऱ्यातून. पहिल्यांदा लाल गेलं, मग पिवळं. नसीमने नंतर स्पिरिटचा बोळा दिला तोही तिनेच फिरवला. पदर पिवळा झाला होता, त्याकडे तिने पाहिलं नाही.

"आते लाव तुन्हं यंतर," ती म्हणाली. "माले देखू दे."

आम्ही दिवा मालवला, लाल दिवा लावला. नसीमने दार बंद केलं. पेन निघालं. अक्का कागदावर वाकून उभी होती. निळ्यावरून रेघ सरळ गेली. हिरवा आला. माझी नजर पेनाच्या टोकावर खिळली होती. खरं सांगतो, इतकी वर्षं विज्ञान शिकवून, स्वतःच्या डोळ्यांनी हळद बघूनही, त्या क्षणी माझ्या मनात एकच होतं, की हे वर चढलं तर?

ते चढलं नाही. डोंगर होता त्या जागेवरून रेघ सरळ निघून गेली आणि कागदाच्या कडेला जाऊन थांबली.

अक्काने त्या सरळ रेघेवर बोट ठेवलं, डोंगर असायचा नेमक्या तिथे. तिला ती जागा कुणी दाखवली नव्हती.

"आते गया," ती म्हणाली, आणि प्रमोद गेल्यापासून पहिल्यांदा आमच्यासमोर मोठ्याने रडली.